पितरांचं रोपटं

“कोण वारलं?”

सरकत्या दाराच्या पलीकडून आजोबांचा आवाज आला आणि नात्सुमेच्या हातातली कात्री थबकली.

“काय म्हणालात, आजोबा?” तेप्पेईने विचारलं.

“घरात मयताचा वास येतोय. कोण वारलं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात उदबत्ती कुणीच लावली नव्हती. काका झाडांच्या मळ्यात होते, काकू बाजारात गेल्या होत्या. आणि तरीही खोलीत खरोखरच वास होता! गोडसर, जड, अंत्यविधीला बसल्यावर कपड्यांना चिकटतो तसा. दहा वर्षांचा इओरी बसल्या जागेवरून सरकत सरकत बहिणीला येऊन टेकला.

“ताई, मघाशी नव्हता गं हा वास!”

“घाबरट!” तेप्पेई म्हणाला. पण त्याने स्वतःही एकदा मागे वळून पाहिलं.

नात्सुमे आणि इओरी वसंताच्या सुट्टीत ताकामात्सुहून आजोबांकडे तोगावा नावाच्या डोंगरगावात आले होते. तेप्पेई त्यांचा चुलतभाऊ, इथलाच, नात्सुमेच्याच वयाचा, म्हणजे बारा वर्षांचा. बोलण्यात तो कुणाला हार जात नसे. तिघांसमोर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एका पसरट निळ्या कुंडीत वीतभर उंचीचं एक रोपटं उभं होतं. हिरवीगार, चकचकीत पानं, तांब्याच्या तारेने हलकेच वाकवलेलं खोड. गेल्या वसंतात नात्सुमेने ते इथल्याच डोंगरातून मुळांच्या मातीसकट आणलं होतं. वर्षभर घराच्या गॅलरीत जपलं होतं. आज त्याचे शेंडे खुडून ते आजोबांच्या हातात ठेवायचं, असा तिचा बेत होता.

गेन्साकु आजोबांनी साठ वर्षं बोन्साय वाढवले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून ते बोटांनी झाडं पाहत.

भिंतीला हात लावत ते आत आले आणि गुडघ्यावर बसले.

“काय कापताय?”

“तुमच्यासाठी आहे, आजोबा,” नात्सुमे म्हणाली. “साकाकी! मी स्वतः वाढवलीय.”

“फोनमधल्या ॲपने सांगितलं तिला, साकाकी आहे म्हणून,” तेप्पेईने भर घातली. “फोन काय, मला बघूनही साकाकी म्हणेल!”

आजोबांची बोटं खोडावरून वर चढली, पानांवरून फिरली, शेंड्याशी थांबली. त्यांनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला.

“साकाकीची पानं दोन बाजूंना शिस्तीत, सपाट बसतात. शेंड्याची कळी मांजराच्या नखासारखी वाकडी असते,” ते हळूच म्हणाले. “इथे बघ, पानं टोकाशी घोळका करून आलीत. कळी गोल. आणि हा वास. पोरी, हे शिकिमी आहे.”

“बाप रे!” तेप्पेई उडी मारून भिंतीशी गेला. “थडग्यावरचं?”

शिकिमी म्हणजे पितरांचं झाड, हे तोगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साकाकी देवाची, शिकिमी मेलेल्यांचं. ते जिवंत माणसाला कुणी भेट देत नाही. नात्सुमेला वाटलं, जमीन दुभंगावी आणि कुंडीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

“कुणी हात तोंडात घातलाय का?” आजोबांनी एकदम दरडावलं. “मुळापासून पानापर्यंत विष असतं यात! बी पोटात गेलं तर माणूस मरतो. आधी हात धुऊन या!”

तेप्पेईचं तोंड पांढरं पडलं. मघाशीच पानं गोळा करून झाल्यावर त्याने खाऊ खाताना बोटाला लागलेलं गोड बीन्सचं सारण चाटलं होतं. तो मोरीकडे धावला आणि इतक्या चुळा भरल्या, की इओरीने दारातून विचारलं, “विहीर संपवणार का रे, दादा?”

परत आले तेव्हा आजोबा तसेच बसले होते. कुंडी त्यांच्या मांडीवर होती.

“हे कुठे सापडलं तुला?”

“ओढ्याच्या वरच्या अंगाला. कोळशाची मोडकी भट्टी आहे ना, तिच्या मागे.”

कुंडी आजोबांच्या हातून निसटता निसटता राहिली. असं मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या हातांनी केसाएवढ्या फांदीलाही तार गुंडाळलेली त्यांनी पाहिली होती.

“सुए तिथेच कुठेतरी आहे,” ते म्हणाले.

सुए त्यांची थोरली बहीण. डोंगरात पूर्वी वरची वाडी होती. आजोबा पाच वर्षांचे असताना वादळी पावसात कडा कोसळला. बारा वर्षांच्या सुएने त्यांना पाठीवर बांधलं, चिखलातून खाली गावात आणून सोडलं आणि आईला आणायला ती पुन्हा वर गेली. आई दुसऱ्या वाटेने उतरली होती. सुए मात्र उतरली नाही. पाऊस थांबल्यावर तिला वाडीच्याच स्मशानात पुरलं. मग सगळी वाडी उठून गेली, डोंगरभर देवदार लावले गेले, वाट बुजली.

“रानडुकरांनी उकरू नये म्हणून थडग्याभोवती शिकिमी लावायचे तेव्हा,” आजोबा म्हणाले. “डुकरं त्या वासाला फिरकत नाहीत. बाबांनी तिच्या चारी बाजूंनी लावली. किती दिवस त्यांच्या हाताला हाच वास होता! मी मोठा झाल्यावर वर्षानुवर्षं शोधलं. मग डोळेच गेले.”

तिघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती. त्या डोंगरावर सोलर पॅनल बसणार होते. उद्या सकाळी भूमिपूजन आणि पूजा आटोपली, की लगेच पिवळं यंत्र उतार खरवडायला सुरुवात करणार होतं.

“आजोबा,” इओरीने विचारलं, “यंत्राला कळेल का, खाली आजी आहे ते?”

आजोबांनी कुंडी हलकेच खाली ठेवली.

मुलं धावत मळ्यात गेली. तेप्पेईचे बाबा, मासाताका काका, गावाचे प्रमुख होते. सोलरच्या कागदावर त्यांचीच सही होती. ते कंपनीच्या शिमोदासाहेबांशी उद्याच्या पूजेबद्दल बोलत होते.

“बाबा, सुए आजीचं थडगं सापडलं! म्हणजे सापडल्यासारखंच आहे!” तेप्पेई धापा टाकत म्हणाला.

“आलास का भलतंच घेऊन?” काका वैतागले. “बाबांनी अर्धं आयुष्य शोधलं, मिळालं का? एखादं शिकिमी रानातही आपोआप उगवतं.”

“पण काका, आधी एकदा बघून तर...”

“बघायचं काय त्यात?” शिमोदासाहेब हसले. “मी स्वतः सगळा उतार चालून पाहिलाय. इंच न् इंच! झाडं, दगड आणि डास. थडगं असतं तर आम्हाला काम थांबवावंच लागलं असतं, नाही का?”

नात्सुमेने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. सगळा डोंगर तुडवून आलेल्या माणसाचे बूट! त्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता.

“उद्या पाहुण्यांसमोर यातलं एक अक्षर नको,” काकांनी बजावलं.

मुलं घरी परतली. ओट्यावर आजोबा वाट पाहत बसले होते. त्यांना सांगायची गरजच पडली नाही, पावलांवरूनच त्यांना कळलं.

“आम्ही जातो,” नात्सुमे म्हणाली. “मला जागा आठवतेय. अजून पुष्कळ उजेड आहे.”

नाही म्हणायचं होतं आजोबांना, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

“एकच झाड असलं तर मुकाट्याने परत फिरा,” अखेर ते म्हणाले. “रांग असली तर ती माणसाने लावलेली. हात सोडायचे नाहीत. आणि धुकं उतरलं तर ओढ्याचा आवाज उजव्या कानाला ठेवून खाली यायचं.”

ओढ्यापर्यंत तेप्पेईची बडबड चालू होती. देवदारांत शिरल्यावर तीही बंद पडली. झाडं इतकी दाट आणि इतकी सरळ, की दुपार असून खाली संध्याकाळ होती. पाखरू नाही, किडा नाही. हरणांनी जमिनीवरचं गवत, झुडपं, सगळं फस्त केलं होतं. नुसता उघडा, तपकिरी उतार.

“मला भूक लागलीय,” इओरी म्हणाला.

“भीती लागलीय म्हण,” तेप्पेई म्हणाला.

“दोन्ही लागलंय!”

भट्टीच्या मागे नात्सुमेला तो शेवाळलेला दगड सापडला. त्याच्या बुडाशी तिने गेल्या वर्षी बुजवलेला खड्डाही दिसत होता. पण आसपास शिकिमीचं झाड एकही नव्हतं.

“मग बी आलं कुठून?” तेप्पेईने डोकं खाजवलं.

“वरून!” इओरी पटकन म्हणाला. “बी काय चढून येणार आहे?”

“वा रे, प्राध्यापक!” तेप्पेईने त्याच्या टोपीवर टपली मारली. पण बोलणं खरंच होतं. तिघं उतारावर चढायला लागले. आणि तेव्हाच वरून धुकं उतरलं. आधी शेंडे गेले, मग खोडं गेली, मग तेप्पेईचा लाल शर्टही फिकट झाला.

“हात!” नात्सुमे म्हणाली. तिघांनी हात घट्ट धरले. इओरीचा तळवा गार आणि ओला होता.

थोडं वर गेल्यावर त्या उघड्या जमिनीवर हिरवं काहीतरी चमकलं. बोटभर उंचीचं रोपटं, शेंड्याशी पानांचा घोळका! मग दुसरं. मग कितीतरी. हरणांनी सारं रान खाल्लं होतं, एवढंच सोडलं होतं. नात्सुमेने एक पान चुरगाळलं. तोच वास. त्या धुक्यात तो इतका दाटून आला, की मागे कुणीतरी उदबत्ती घेऊन उभं आहे असं वाटलं.

“मागे बघू नकोस,” तेप्पेई इओरीला म्हणाला.

“का?”

“मी बघितलं नाहीये म्हणून!”

मग मोठी झाडं दिसली. एक, त्याच्या बाजूला दुसरं, तिसरं. वाकडी, म्हातारी, पण एका रेषेत. शेवटच्या झाडापाशी ओळ काटकोनात वळत होती.

“रांग आहे!” नात्सुमे कुजबुजली. “तेप्पेई, माणसाने लावलेली रांग आहे ही!”

तिने आनंदाने फांदीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. फांदी तोडलेली होती. ताजी! पांढरा काप अजून ओला होता. पुढच्या झाडाचीही तीच गत. कुणीतरी आत्ताच इथे येऊन फांद्या नेल्या होत्या. इथे, जिथे सत्तर वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं.

“ताई,” इओरी म्हणाला, “मला घरी...”

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. त्याचा हात नात्सुमेच्या हातातून निसटला आणि तो जमिनीत गेला! कमरेपर्यंत खाली, खांद्याशी धुकं.

“ताई! खाली कुणीतरी पाय धरलाय! ताई गं!”

दोघांनी त्याला काखेत धरून ओढलं. तो येईना. खालून खरंच काहीतरी घट्ट धरून होतं. थडग्याची जमीन कालांतराने खचते, हे नात्सुमेने ऐकलं होतं. आपण कशात हात घालतोय, हे तिला तेव्हा कळलं.

“मुळं असतील! मुळंच असतील!” तेप्पेई ओरडत होता. आवाज मात्र रडल्यासारखा झाला होता. “बूट सोड, इओरी! पाय वाकडा कर!”

इओरीचा पाय सुटला, बूट आतच राहिला. तिघं एकमेकांवर आदळले. नात्सुमेचा हात एका दगडावर पडला. गुडघ्याएवढा, उभा, शेवाळाने भरलेला दगड. ती शेवाळ खरवडायला बोटं लावणार, तोच आवाज आला.

चक्. चक्.

धुक्यात, अगदी जवळ. चक्. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज. मग पावलं.

समोरच्या झाडामागे एक पांढरी आकृती उभी राहिली. डोकं झाकलेलं. हातात पानांचा भारा. ती त्यांच्या दिशेने वळली आणि जिथे चेहरा हवा तिथे पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं.

ओढा उजव्या कानाला ठेवायचं मात्र कुणी विसरलं नाही. बाकी ते कसे खाली आले, हे तिघांपैकी एकालाही नीट सांगता यायचं नाही. तेप्पेई नंतर म्हणायचा, मी शांतपणे सगळ्यांच्या मागे होतो. प्रत्यक्षात घरचं दार सर्वांत आधी त्यानेच उघडलं.

दारात मासाताका काका उभे होते. इओरीच्या चिखलाने भरलेल्या अनवाणी पायाकडे पाहून त्यांचा पारा चढला.

“बूट कुठाय?”

“थडग्यात,” इओरी हुंदके देत म्हणाला.

“शाब्बास! वर भूतही दिसलं असेल?”

तिघांनी एकदमच माना हलवल्या. व्हायचं तेच झालं. भूत म्हटल्यावर रांगेचं, दगडाचं, तोडलेल्या फांद्यांचं कुणी ऐकून घेईना. धुक्यात काहीही दिसतं, एवढं बोलून काकांनी विषय संपवला. उद्या पाहुणे, पुजारी, यंत्र, सगळं ठरलेलं होतं.

आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला. “रांग वळत होती?”

“हो, आजोबा. काटकोनात.”

त्यांनी कुंडी जवळ ओढली आणि रात्रीचं जेवणही तिथेच मागवलं. ते जेवले नाहीत. रोपट्याच्या शेंड्यावरून त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत होता. नात्सुमेला वाटलं, भेटीत शिकिमी आणलं याहून मोठी चूक आपण केली. पळायच्या आधी फक्त दगड खरवडायला हवा होता.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाव जमलं. चार हिरवे बांबू, त्यांना बांधलेली गवताची दोरी, मध्ये चौरंगावर तांदूळ, मीठ, तांदळाची साके दारू आणि एक मोठा मासा. मागे पिवळं यंत्र. त्याचा चालक आत बसून जांभया देत होता. आजोबांना काकूंनी पुढे खुर्चीवर बसवलं होतं. पूजा संपेपर्यंतच काय ती मुदत, हे मुलांना कळत होतं. शुभ्र झग्यातले म्हातारे पुजारी शांतपणे चौरंगाकडे निघाले, तसा नात्सुमेचा धीर सुटत गेला.

चौरंगाच्या दोन्ही बाजूंना साकाकीच्या फांद्या होत्या. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बांधलेल्या, हिरव्यागार, चकचकीत.

नात्सुमेने पाहिलं. पुन्हा पाहिलं. पानं दोन बाजूंना शिस्तीत बसली नव्हती. ती टोकाशी घोळका करून आली होती.

“तेप्पेई,” तिने त्याची बाही ओढली. “त्या फांद्या बघ. साकाकी नाहीये ती!”

तेप्पेईने पाहिलं आणि आ वासला. “देवाच्या पूजेला शिकिमी? नात्सुमे, काल फांद्या तोडणारा तो... ते भूत नव्हतं!”

“मी सांगते जाऊन.”

“वेडी आहेस? पूजेच्या मध्ये? बाबा सोलून काढतील!”

सगळं गाव मान खाली घालून उभं होतं. अशा वेळी कुणी खोकतसुद्धा नाही. पण मागे यंत्राच्या चालकाने किल्लीला हात घातला होता. नात्सुमे दोरी ओलांडून सरळ पुढे गेली.

“नात्सुमे!” काकांचा आवाज सुरीसारखा आला.

ती पुजाऱ्यांसमोर वाकली. “माफ करा. एकदाच या पानाचा वास घ्याल का?”

तिने चौरंगाजवळच्या फांदीचं एक पान चुरगाळून पुढे केलं. पुजाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी वास घेतला आणि ते एक पाऊल मागे सरले.

“हे कुणी आणलं?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “देवाच्या चौरंगावर पितरांची फांदी? सत्तरी ओलांडली मी, असलं कधी पाहिलं नाही!”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. शिमोदासाहेब लगबगीने पुढे आले. “दुकानदाराची चूक झाली असेल! आम्ही शहरातल्या दुकानातून मागवल्या होत्या.”

“खोटं!” तेप्पेई ओरडला. “काल वरच्या थडग्यावरून तोडल्यात!”

“मुलांनो, पुरे झालं हे. पुरावा आहे का काही?”

पुरावा नव्हता. काका हात धरून नात्सुमेला मागे खेचायला आले. आणि त्याच क्षणी इओरी किंचाळला.

“माझा बूट!”

शिमोदासाहेबांच्या मागे त्यांचा तरुण कामगार ओकुबो उभा होता. त्याच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत, मिठात अर्धा पुरलेला, एक निळा छोटा बूट होता.

“हा... हा तुझा आहे?” ओकुबो गोरामोरा झाला. “तू जिवंत आहेस?”

“म्हणजे काय!”

“अरे देवा!” ओकुबो मटकन खालीच बसला. “रात्रभर झोपलो नाही मी! बाधा होऊ नये म्हणून मिठात ठेवला आणि पुजारीबुवांकडून शांती करून घ्यायला आणला. काल फांद्या तोडत होतो. धुक्यात मुलं रडल्याचा आवाज आला, कुणीतरी धावल्यासारखं झालं, जाऊन बघतो तर थडग्यात लहान मुलाचा बूट!”

“तुमचं तोंड कुठे होतं काल?” इओरीने संशयाने विचारलं.

“रेनकोट होता रे, आणि मास्क. मला परागाची ॲलर्जी आहे!”

तेप्पेई मोठ्याने हसला, पण नात्सुमे हसली नाही. “कशात सापडला बूट म्हणालात?” तिने विचारलं.

ओकुबोने तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. शब्द सगळ्या गावाने ऐकला होता.

“साहेब म्हणाले, शहरात कशाला जातोस, वर चकचकीत पानांची झाडं ओळीने दिसतायत, तिथूनच तोड,” तो खाली मान घालून पुटपुटला. “दुर्बिणीतून बघितली होती त्यांनी, रस्त्यावरून. दगडही आहेत तिथे. मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, कागदावर नाहीत ते दगड नाहीत.”

पुजाऱ्यांनी हातातली कागदी पट्ट्यांची चवरी खाली ठेवली. यंत्राचा चालक किल्ली खिशात घालून खाली उतरला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. शिमोदासाहेबांच्या चकचकीत बुटांकडे आता सगळं गाव पाहत होतं.

मासाताका काकांचे कान लाल झाले होते. मग ते आजोबांच्या खुर्चीसमोर गेले, पाठ करून उकिडवे बसले.

“बाबा, बसा पाठीवर.”

आजोबांनी चाचपडत त्यांच्या गळ्यात हात घातले. “याच वाटेने सुएने मला असंच खाली आणलं होतं,” ते म्हणाले. काकांनी मान खाली घातली आणि ते चढायला लागले.

पुढे नात्सुमे, हातात निळी कुंडी. मागे तेप्पेई, इओरी आणि अर्धं गाव. आज धुकं नव्हतं. तरी झाडांत शिरल्यावर नात्सुमेची भीती गेली नाही. आजोबांनी एवढ्या वर यावं आणि दगडावर भलतंच नाव निघावं, तर? दगड कोराच असला, तर?

रांग चारही बाजूंनी होती. मध्ये जमीन खचलेली, इओरीने पाडलेलं भगदाड आणि तो उभा दगड. काकांनी आजोबांना खाली उतरवलं. दोन पोरांनी मिळून शेवाळ खरवडलं. आजोबांनी दगडावर हात ठेवला. बोटं वरून खाली सरकली, अडखळली, परत वर गेली.

आजोबांच्या बाबांनी स्वतः छिन्नीने खोदलेली, वाकडीतिकडी दोनच अक्षरं होती.

“सुए,” आजोबा म्हणाले.

आणि मग ते सगळ्यांदेखत रडले. हातात टोपी घेऊन काकाही रडले. तेप्पेईच्या डोळ्यांत म्हणे देवदाराचा पराग गेला होता.

पुजाऱ्यांनी तिथेच हात जोडले. त्या उतारावर यंत्र चढणार नाही, असं काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. शिमोदासाहेबांनी कमरेत वाकून माफी मागितली. बराच वेळ वाकलेले होते, आणि उठले तेव्हा बूट चिखलाने भरले होते.

“या पोरांनी जे पाहिलं ते आपण डोळे असून पाहिलं नाही,” काका गावकऱ्यांना म्हणाले. मग त्यांनी तेप्पेईच्या डोक्यावर हात ठेवला. तेप्पेईला काय बोलावं सुचेना. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

आजोबांनी नात्सुमेला जवळ बोलावलं. “साठ वर्षांत मला पुष्कळ झाडं भेट मिळाली. त्यात हे सगळ्यांत चांगलं.”

“पण हे पितरांचं आहे, आजोबा. घरात कसं ठेवणार?”

“घरात नाही. कुंडी इथे ठेव, दगडाशी. उन्हाळाभर पाणी तेप्पेई घालेल...”

“मी? इथे? एकटा?” तेप्पेई किंचाळला.

“...आणि सुट्टीत येशील तेव्हा शेंडे तू खुडायचे. खोड अजून दोन वर्षं तारेत राहू दे. घाई करायची नाही.” त्यांनी हात पुढे केला. “काल तुझं काम अर्धं राहिलं. कात्री आणलीयेस?”

खिशात होती. नात्सुमेने शेवटचा शेंडा खुडला. तो वास पुन्हा पसरला, गोडसर आणि जड. पण या वेळी इओरी कुणाला जाऊन टेकला नाही.

आजोबांनी तो खोल आत घेतला. “काल मी विचारलं होतं, कोण वारलं म्हणून,” ते म्हणाले. “आज तूच तिला सांग, कोण आलंय.”

नात्सुमे दगडासमोर बसली.

“सुए आजी, तुमचा धाकटा भाऊ आलाय. मी नात्सुमे, हा तेप्पेई. आणि हा इओरी, याचाच बूट काल तुमच्याकडे राहिला होता.”

“धरून ठेवल्याबद्दल आभार,” इओरी म्हणाला आणि कमरेत नीट वाकला.